मिस्त्रींनी स्वतःसाठी लिहिलेलं कार्ड

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानात मशीन ठेवायचं तर आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. काय होतंय? कधीपासून होतंय? आणि घरी काय काय करून पाहिलंत? उत्तरं ते पुठ्ठ्याच्या एका कार्डावर लिहायचे, कार्ड सुतळीनं मशीनला बांधायचे आणि मगच हत्यारांना हात लावायचे. पहिल्या दोन प्रश्नांना लोक बरी उत्तरं देत. तिसऱ्याला हमखास थापा. "काही नाही हो, आपोआप बंद पडलं," असं कुणी म्हटलं की मिस्त्रींचा पारा चढलाच म्हणून समजा.

"आपोआप? मशीनला काय भूत लागलंय? आपोआप काही होत नसतं. स्वयंपाकाचं तेल घातलंत ना? खरं बोला, वास येतोय मला इथपर्यंत!"

आणि दुसरा नियम याहून जाचक. मशीन ज्यानं विकत घेतलं त्याच्याशी ते बोलत नसत. रोज त्या मशीनवर बसतं ते माणूस दुकानात आलंच पाहिजे. एकदा गावातल्या डॉक्टरांनी आईचं मशीन ड्रायव्हरबरोबर पाठवलं, तर मिस्त्रींनी जसंच्या तसं परत धाडलं. डॉक्टरांचा तणतणत फोन आला, "अहो, माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे!" मिस्त्री म्हणाले, "मशीन गाडीतून आलं ना? मग आईंना पण त्याच गाडीतून आणा." आल्या बिचाऱ्या. खुर्चीवर टेकल्या टेकल्या म्हणाल्या, "जाड कापड लागलं की टाका सुटतो, आणि त्याआधी टक् असा आवाज येतो." झालं! घोडं कुठं पेंड खातंय ते अर्ध्या मिनिटात कळलं. डॉक्टर बाजूला उभे राहून हे सगळं बघत होते. माणूस लक्षात ठेवणारा होता.

असे हे मिस्त्री. वय बावन्न, लग्नाला सत्तावीस वर्षं, मुलगी सासरी सुखात. खाली दुकान, वर दोन खोल्या. गल्ल्यावर बायको बसायची, कारण मिस्त्री गिऱ्हाइकांवर ओरडायचे आणि ती त्यांना पुन्हा गोड बोलून बसवायची. तिच्याशिवाय हे दुकान सहा महिनेही टिकलं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्रींनाही होतं, पण तसं तोंडानं कबूल करतील तर ते मिस्त्री कसले!

आता पुढचं सांगताना पुष्कळ जण नुसता घसा खाकरतात. मिस्त्रींनी तर सव्वा वर्ष घसाच खाकरला. तर सरळच सांगतो. बायकोजवळ जायची इच्छा व्हायची, पण लिंगाला ताठरता येईना. आधी आधी यायची आणि मधेच जायची. मग यायचीच बंद झाली. पहिल्या वेळी ते म्हणाले, "दमलोय आज." दुसऱ्या वेळी म्हणाले, "डोकं दुखतंय." तिसऱ्यांदा सांगायला कारण उरलं नाही, तेव्हा पाठ दुखते म्हणून बाहेरच्या खोलीत लाकडी पलंगावर झोपायला लागले. बायकोनं दोन-तीनदा विचारलं. मिस्त्री मूग गिळून गप्प. मग तिनंही विचारायचं सोडलं.

जगाला तीन प्रश्न विचारणारा हा माणूस. स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण!

घरी काय काय केलं ते ऐका. त्यांना दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू होती. कुणीतरी सांगितलं की त्या गोळीनंच असं होतं. झालं, यांनी परस्पर गोळी बंद केली. बायकोला कळू नये म्हणून रोजची गोळी बूट पॉलिशच्या रिकाम्या डबीत टाकायला लागले. मग भिंतीवरची जाहिरात वाचून फोन केला, आणि पोस्टानं एक डबा आला. वर घोड्याचं चित्र, आत हिरव्या कॅप्सुला, औषधाचं नाव म्हणाल तर कुठेच नाही. दोनदा घेतल्या. तोंड लालबुंद, छातीत धडधड, आणि फायदा? शून्य. वर काळजीनं सिगारेट चारवरून बारावर गेली.

या सगळ्यात एका सकाळी चहा पिताना बायको म्हणाली, "ताईनं बोलावलंय. तिच्या वसतिगृहात पन्नास मुली आहेत, तिला एकटीला झेपत नाही. राहायला खोली देतेय. एक तारखेला जाते म्हणते."

"किती दिवस?"

"दिवस कसले? तिकडेच राहीन. इथं माझं आहे काय आता?" तिचा आवाज चढलेला नव्हता, की डोळ्यांत पाणी नव्हतं. रागावली असती तर बरं, असं मिस्त्रींना वाटून गेलं.

आणि मिस्त्री काय म्हणाले असतील? म्हणाले, "बरं."

बरं! कप खाली ठेवून ते दुकानात गेले आणि स्वतःच्याच शब्दानं त्यांना घाम फुटला. सत्तावीस वर्षांची बायको घर सोडून जाते म्हणते, आणि आपण सुई बदलायला सांगितल्यासारखं बरं म्हणतो? एक तारखेला वीस दिवस होते. माळ्यावरची मोठी निळी बॅग त्याच संध्याकाळी खाली आली आणि कपाटाशेजारी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या कारखान्यात मिस्त्रींना काम होतं. निघण्याआधी, रोज घेतली तर गुण येईल या आशेनं, त्यांनी तिसरी कॅप्सुल घेतली होती. तिथं मशीनांच्या रांगेत वाकून एका मशीनचा पट्टा काढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते टेबलाच्या कडेवर आपटले. शिवणाऱ्या बायकांनी धावत येऊन पाणी दिलं. एक जण म्हणाली, "मिस्त्री, असं कसं झालं?"

"आपोआप," मिस्त्री म्हणाले.

हा शब्द आपल्याच तोंडून निघालेला ऐकला आणि त्यांना स्वतःची चीड आली. अशी चीड की तिथल्या तिथं खिशातून कोरं कार्ड काढलं. तोंडानं सांगणं या जन्मी जमणार नव्हतं, पण लिहिता तर येत होतं! त्यांनी लिहिलं. काय होतंय: ताठरता येत नाही. कधीपासून: सव्वा वर्ष. घरी काय केलं: इथं पेन बराच वेळ थांबलं, आणि मग त्यांनी लिहून टाकलं, काही नाही.

कार्ड घेऊन ते तडक, आईचं मशीन पाठवणाऱ्या त्या डॉक्टरांकडे गेले. गावात दुसरे डॉक्टर नव्हते असं नाही, पण या माणसाचं मशीन आपण एकदा परत पाठवलंय, तो आपल्याला परत पाठवणार नाही, असा काहीतरी उलटा हिशेब त्यांच्या डोक्यात होता. आत गेले, दार लावलं, कार्ड टेबलावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

डॉक्टरांनी कार्ड वाचलं. हसले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "मिस्त्री, तिसऱ्या प्रश्नाला कुणी 'काही नाही' म्हटलं, तर तुम्ही खरं मानता?"

मिस्त्रींची मान खाली गेली. मग बूट पॉलिशच्या डबीपासून हिरव्या कॅप्सुलांपर्यंत सगळं बाहेर आलं. सांगायला सुरुवात होईपर्यंतच काय ती भीती. एकदा सुरू झाल्यावर थांबवत नव्हतं. डॉक्टरांनी मध्येच विचारलं, "सकाळी उठताना, झोपेतून जागं होताना, आपसूक ताठरता असते का?"

"नाही. तीही गेली."

"का विचारलं सांगतो. मशीन अडलं की तुम्ही मोटरचा पट्टा काढून चाक हातानं फिरवून बघता ना, दोष मोटरीत की मशीनमध्ये? तसंच आहे हे. झोपेत काळजीही झोपलेली असते. झोपेत सगळं ठीक असेल आणि जागेपणी नसेल, तर बहुतेक वेळा मनावरचा ताण निघतो. तुमचं झोपेतही नाही, म्हणजे शरीरात शोधायला पाहिजे. साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी, हार्मोन, नसा, सिगारेट. एकाच वेळी दोन-तीन कारणंही असतात. आणि हे काही जगावेगळं नाही. या खुर्चीवर दर आठवड्याला कुणीतरी बसतं आणि असंच खिडकीबाहेर बघतं."

"म्हणजे मी... कामातून गेलो नाही?"

"कोण म्हणतं? कामातून गेलेली मशीनं तुम्ही किती पाहिलीत?"

"चाळीस वर्षांत दोन. दोन्ही पुरात बुडालेली."

"मग? पण त्या कॅप्सुला आजच्या आज बंद. असल्या बिननावाच्या डब्यांत पुष्कळदा खरंच औषध मिसळलेलं असतं, पण किती ते कुणालाच माहीत नसतं. छातीत दुखण्यावर ज्या गोळ्या देतात, त्या घेणाऱ्यानं हे घेतलं तर रक्तदाब असा कोसळतो की माणूस उठत नाही. आणि रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करायची नसते. कधी कधी गोळीचाही दोष असतो, पण मग मला सांगायचं, मी बदलून देतो." त्यांनी रक्तदाब मोजला, नाडी बघितली, खालचीही तपासणी केली, पायांना बोटानं स्पर्श करून कळतंय का विचारलं. मग कार्ड उचलून मिस्त्रींच्या हातात परत दिलं.

"हे घेऊन उद्या या. आणि येताना वहिनींना आणा."

"तिला कशाला?" मिस्त्री ताडकन उठले. "जे काय असेल ते मला सांगा. तिचा काय संबंध?"

"माझ्या आईचा काय संबंध होता?" डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मशीन तर मी विकत घेतलं होतं. वहिनी तुमच्याबरोबर सत्तावीस वर्षं राहतात. तुम्हाला दिसत नाही ते त्यांना दिसत असणार. नियम तुमचाच आहे मिस्त्री, मी फक्त पाळतोय."

म्हणतात ना, दुसऱ्याचं पाहावं वाकून आणि आपलं ठेवावं झाकून. मिस्त्री घरी आले ते हेच करायच्या विचारानं. दोनदा जिना चढून वर गेले आणि नुसतं पाणी पिऊन खाली आले. तिसऱ्यांदा वर गेले तेव्हा बायको निळ्या बॅगेत साड्यांची घडी ठेवत होती. त्या घड्या बघून त्यांचा जीव असा काही गलबलला की लाज, अब्रू, सगळं जिन्यातच राहिलं. त्यांनी कार्ड पुढे केलं. "वाच. डॉक्टरांनी उद्या तुलाही बोलावलंय."

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. एवढंच म्हणाली, "किती वाजता जायचंय?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला विचारलं, "तुमच्या लक्षात काय आलंय ते सांगा," आणि मिस्त्री तोंड उघडं टाकून ऐकत राहिले.

"रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात. उशाशी पाण्याचा तांब्या असतो, सकाळी रिकामा. तीन महिन्यांपूर्वी बोटात सुई घुसली होती, ती जखम दीड महिना भरली नव्हती. जिना चढताना मध्ये थांबतात आणि चप्पल नीट करतोय असं दाखवतात. सिगारेट मागच्या खिडकीत ओढतात, त्यांना वाटतं मला कळत नाही. गोळ्या पॉलिशच्या डबीत टाकतात. एवढं सगळं दिसत होतं. फक्त एक दिसलं नाही. हे माझ्यापासून का लांब गेले ते."

"अगं—"

"थांबा, बोलू दे मला. दोन वर्षांपूर्वी माझी पिशवी काढली. त्यानंतर काही महिन्यांनी हे बाहेर झोपायला लागले. मला वाटलं, पोटातलं काढून टाकल्यापासून मी यांना बाई वाटत नाही. रोज रात्री दाराच्या या बाजूला मी तोच विचार करत पडायची. सव्वा वर्ष!" आणि मग ती रडली. त्या सकाळी चहाच्या वेळी जे रडू आलं नव्हतं ते सगळं आता आलं.

मिस्त्रींनी आयुष्यात कधी चारचौघांत बायकोचा हात धरला नव्हता. तो धरला. "तुझ्यापासून नव्हतो गं पळत. मला माझीच लाज वाटत होती. तू पहिल्यासारखीच आहेस. माझंच काहीतरी बिघडलं होतं."

डॉक्टर तोवर कागदावर तपासण्या लिहीत बसले. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ लिहीत होते.

तपासण्या झाल्या. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, चरबी, सकाळच्या वेळचं हार्मोन, हृदयाचा आलेख. हार्मोन ठीक निघालं. साखर मात्र केव्हाची वाढलेली, चरबीही वर. डॉक्टरांनी समजावलं, "ताठरता म्हणजे तिथल्या नसांत रक्त भरणं. साखर आणि सिगारेट रक्तवाहिन्या खराब करतात. तिथल्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून बिघाड आधी तिथं दिसतो. हृदयाचा निरोप आधी तिथून येतो म्हणा. तुम्ही हा निरोप सव्वा वर्ष झाकून ठेवला होता." म्हणून मग फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी झाली. ती बरी निघाली तेव्हा कुठे डॉक्टरांनी औषधं लिहिली. साखरेची गोळी, रक्तदाबाची बदललेली गोळी, आणि शेवटी ती गोळी, जिच्यासाठी मिस्त्री घोड्याच्या चित्राच्या नादी लागले होते. ही मात्र नाव असलेली, मोजून दिलेली, तासभर आधी घ्यायची, जड जेवणावर नाही.

"आणि बटण दाबलं की दिवा लागला, असं नसतं हे," त्यांनी दोघांनाही बजावलं. "मनात ओढ असेल तरच गोळी मदत करते. एकदा-दोनदा नाही जमलं तर घाबरायचं नाही. गोळीनं नाहीच भागलं तर पंपाचं साधन आहे, इंजेक्शन आहे, पुढचेही उपाय आहेत. पण आधी सिगारेट बंद, आणि रोज पाऊण तास चालणं."

मिस्त्रींनी हे सगळं एका नव्या कार्डावर लिहून घेतलं आणि कार्ड सुतळीनं आपल्या कामाच्या टेबलाला बांधलं. सिगारेटचं पाकीट डॉक्टरांच्याच दारात टाकलं. पहिले चार दिवस ते गिऱ्हाइकांवर असे खेकसले की बायकोचा गोड बोलून बोलून घसा बसायची वेळ आली. पण ओढली नाही म्हणजे नाही. पहाटे उठून चालायला लागले. पहिल्या दिवशी चौकापर्यंत जाऊन धापा टाकत परत आले, आठव्या दिवशी पुलापर्यंत. पाय दुखले की म्हणायचे, "दुखा लेको. मी काही थांबत नाही."

गोळीचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला, तर बायको म्हणाली, "गिऱ्हाइकांना काय सांगता? उघडलेलं मशीन दोन दिवसांत मागायचं नाही. आणि आता मेहेरबानी करून गप्प पडा." पुढे साखर उतरली तसं जमायला लागलं. दर वेळी नाही, विशीतल्यासारखं तर नाहीच. पण जमलं. ते मात्र सगळं नंतरचं. एक तारीख त्याच्या कितीतरी आधी आली, आणि खरी गोष्ट त्या दिवसाची आहे.

त्या सकाळी मिस्त्री चालून आले तेव्हा बॅग दाराशी होती. गेल्या वीस दिवसांत बायको जायचं की नाही यावर अवाक्षर बोलली नव्हती, आणि विचारायची यांची छाती झाली नव्हती. अजून दाखवण्यासारखा गुण कुठं आला होता? कोणत्या तोंडानं थांब म्हणायचं? पण एकदा "बरं" म्हणून जी चूक केली, ती पुन्हा करायची नाही, एवढं त्यांनी पुलावरच ठरवलं होतं.

ते बॅगेला आडवे उभे राहिले. घाम पुसत म्हणाले, "जाऊ नकोस. अजून काही गुण नाही आलेला. येईल की नाही तेही मी सांगू शकत नाही. पण जाऊ नकोस. तू नसलीस तर मला करमायचं नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"गुणासाठी कोण थांबलं होतं?" ती म्हणाली. "बॅग रिकामी आहे. डॉक्टरांकडून आलो त्याच रात्री ताईला फोन करून नाही म्हटलं मी. माळ्यावर ठेवायला काढलीय, माझा हात पोचत नाही."

मिस्त्रींनी बॅग उचलली. खरंच रिकामी होती. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं?" ती चपला घालत म्हणाली. "ठेवा ती वर, आणि चला. आजपासून मी पण येते. पुलाच्या पुढं काय आहे ते बघू."

मिस्त्री नुकतेच पाऊण तास चालून आले होते. त्यांनी बॅग माळ्यावर ठेवली आणि तिच्याबरोबर पुन्हा जिना उतरले.